झाकायचं आणि विसरायचं

नलू,

आज सकाळी पेटीत साबण ओतला. तुझ्याच स्वयंपाकघरात. भाऊजी आता खाली आमच्यात जेवतात, त्यामुळे वरचा ओटा रिकामाच असतो. पेटीवर फळी ठेवली, फळीवर तुझी निळी गोधडी चार पदरी घातली, दार ओढून घेतलं आणि खाली आले. उद्या सकाळपर्यंत वर जायचं नाही असं ठरवलंय. पण माझे हात मला माहीत आहेत. त्यांना काहीतरी काम हवं, म्हणून अनूची अर्धी कोरी राहिलेली वही काढली. माझं अक्षर तू पाहिलेलं आहेस. दुसऱ्या कोणाला दाखवायचं नाही, तेव्हा कसंही आलं तरी चालेल.

तुला जाऊन महिना होऊन गेला. भेटायला येणारे सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले आणि त्यात खोटं काही नव्हतं. समोरच्या कोकिळाबेन माझा हात धरून म्हणाल्या, तुम्ही जावा कुठे होतात, तुम्ही तर बहिणी. मी मान हलवली. मला कोणाला नाही म्हणता येत नाही. पण नलू, आपण बहिणी नव्हतो. निदान माझ्याकडून नव्हतो. तुझं काही चांगलं झालं की माझ्या आत दुखायचं. तू सून होऊन आलीस त्या महिन्यापासून दुखायचं.

तू येण्याआधी सहा वर्षं मी या घरात होते. बडोद्याच्या छाणीतल्या या गल्लीत मला तेव्हाही कोणी नावाने ओळखत नव्हतं आणि आजही मी ‘अनूनी मम्मी’च आहे. तू आलीस आणि पंधरा दिवसांत भाजीवाला खालून ‘नलिनीबेन’ अशी हाक मारायला लागला. तू बडोद्यात जन्मलेली. गुजराती तुझ्या तोंडात मराठीइतकीच सहज. मी जळगावकडच्या खेड्यातली, चौथीनंतर शाळा सुटलेली. गुजराती मला कळायची, पण बोलायला तोंड उघडलं की शब्द अडकायचे. लहरीपुऱ्यात आपण बाजाराला जायचो तेव्हा तू पुढे उभी राहून भाव करायचीस आणि मी मागे पिशवी धरून. कोणी पाहिलं असतं तर मी धाकटी आणि तू थोरली असं वाटलं असतं.

अनू पाचवीत गेली आणि तिची गणितं माझ्या आवाक्याबाहेर गेली. ती वही घेऊन वर तुझ्याकडे यायला लागली. मी खाली पोळ्या लाटायची आणि वरून तुम्हा दोघींचं हसणं ऐकू यायचं. गणितात हसण्यासारखं काय असतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. ती पहिल्या वर्गात पास झाली तेव्हा पेढा तिने आधी देवापुढे ठेवला, मग तुझ्या हातात दिला, मग माझ्या. तुझ्या लक्षातही आलं नसेल. माझ्या आहे.

साबण ही एकच गोष्ट अशी होती की तिथे मला वाटलं, इथे बोलावं लागत नाही, लिहावं लागत नाही, इथे मी तुझ्या बरोबरीने येईन.

महिला मंडळाचा साबण शिकवायचा तो सात दिवसांचा वर्ग तू केलास. मलाही चला म्हणाली होतीस. मी म्हटलं, घरात काम आहे. काम काही नव्हतं. तिथे उभं करून नाव विचारतील आणि चार बायकांसमोर सांगावं लागेल, एवढीच भीती होती. तू रोज दुपारी आलीस की चप्पल काढता काढता मला शिकवायला सुरुवात करायचीस. कॉस्टिक सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात नाही. खोबरेल, एरंडेल आणि सरकीचं तेल किती किती. लाकडी दांड्याने ढवळायचं आणि पिठल्यासारखं झालं की पेटीत ओतायचं. सातव्या दिवशी कॅलेंडरच्या पानामागे तू ते सगळं मोठ्या अक्षरात लिहून दिलंस, अनूच्या पहिलीच्या पुस्तकातल्यासारख्या अक्षरात. मला वाचता येईल म्हणून. त्याचाही मला राग आला होता. लहान अक्षर मला वाचता येतं, नलू.

त्या कागदाची शेवटची ओळ होती : झाकायचं आणि विसरायचं.

माझ्या पहिल्या वड्या आठवतात? भोकाभोकांच्या, ढोकळ्यासारख्या. तू एक वडी उचलून खिडकीपाशी नेलीस, डॉक्टर क्ष-किरणाचा फोटो बघतो तशी उजेडात धरलीस आणि म्हणालीस, “ताई, तुम्ही साबण करताय की ताक?” मी भराभरा घुसळत होते, त्याने आत हवा शिरत होती. हळू ढवळून, ओतल्यावर पेटी ओट्यावर चार वेळा आपटायला सांगितलंस. भोकं गेली. नंतरच्या वर्षी माझ्या वड्यांवर केशरी डाग उठले, गंजासारखे. तू वास घेतलास आणि तेल कुठलं ते विचारलंस. मी पातेलं घासायला घेतलं. दिवाळीच्या तळणाचं उरलेलं तेल टाकून कसं देणार, म्हणून मी ते गाळून वापरलं होतं. तुला वासावरून कळलंच. तू हसत हसत खाली फरशीवर बसलीस. म्हणालीस, ताईंनी चकलीचा साबण केलाय, या साबणाने न्हायलं की भूक लागेल. मीही हसले. पण नवं तेल आणलं आणि डाग गेले. उन्हाळ्यात वर भेगा पडायला लागल्या तर सांगितलंस, आत गरमी कोंडतेय, वैशाखात गोधडीचा एकच पदर घाला. भेगा गेल्या.

तू सांगायचीस आणि ते ते जायचं. हे मला कबूल करायला हवं. तुझ्याशिवाय मला हे कोणी शिकवलं नसतं आणि मी कोणाला विचारलंही नसतं.

एक पांढरं तेवढं गेलं नाही. माझ्या वड्यांच्या वरच्या अंगावर पिठी उडाल्यासारखा पांढरा थर यायचा. बोटाने पुसला तर निघायचा नाही. नऊ वर्षं आला. तुझ्या वड्या मात्र गोठलेल्या तुपासारख्या. वरून हात फिरवला तर कुठे अडायचा नाही. त्यावर तू तो कापड छापायचा जुना लाकडी ठसा दाबायचीस, कमळाचा. माझ्या वड्यांवर मी काही दाबत नसे. पिठीवर फूल उठत नाही.

रसिकभाईंच्या दुकानात त्या दिवशी काय झालं ते तू विसरली असशील. लहरीपुऱ्यातल्या त्या दुकानात तुझ्यामाझ्या वड्या एकाच पिशवीतून जायच्या. त्यांनी पिशवी उलटी केली आणि माझ्या वड्या बोटाने एकेक करून बाजूला सारल्या. मला काही विचारलं नाही, तुलाच म्हणाले, “आ मोटाबेनना छे ने?” या थोरल्या बाईंच्या ना? साबण चांगलाच आहे, फेसही चांगला येतो, पण आता गिऱ्हाईक आधी तोंड बघतं, असं म्हणाले. त्यांच्या मागच्या फळीवर कंपन्यांचे साबण लागलेले, चकचकीत कागदातले, दर महिन्याला नवा रंग. आधी तिथे तीनच जाती होत्या, आता उभं राहायला जागा नव्हती. तू लगेच गुजरातीत म्हणालीस, आमच्या ताईंच्या वड्या लग्नाला निघाल्यात, पावडर लावून आल्यात. दुकानातली सगळी हसली. रसिकभाईही हसले आणि त्यांनी माझ्या सहा वड्या ठेवून घेतल्या. आज वाटतं, तू मला सांभाळून घ्यायलाच ते बोललीस. तेव्हा मला फक्त हसणं ऐकू आलं.

घरी येऊन मी तुझा कागद पुन्हा वाचला. सगळं तुझ्यासारखंच करत होते. मग शेवटच्या ओळीवर थांबले. झाकायचं हे ठीक. विसरायचं म्हणजे काय? स्वयंपाकात असं कोणी सांगतं का? मला वाटलं, खरी गोष्ट इथेच होती आणि तिच्या जागी तू हा शब्द लिहिलास. एक चिमूट काहीतरी असणार, जे तू मला सांगितलं नाहीस. सगळं देऊन एकच हातचं राखलंस, म्हणजे मी शिकले असं दिसेल आणि बरोबरीला कधी येणार नाही.

तेव्हापासून मी तुझ्यावर नजर ठेवली. सोडा मोजताना, ढवळताना. आणि स्वतःची पेटी झाकली की पहिल्यापासूनच्या सवयीने घटकाघटकाला जाऊन गोधडीचा कोपरा उचलायची, पांढरं येतंय का बघायला. एकदा तू जिन्यातून पाहिलंस आणि म्हणालीस, ताई, झोपू द्या की त्याला. मला वाटलं, थट्टा करतेय.

दिवाळीआधी रसिकभाईंनी निरोप पाठवला की या खेपेला फक्त ठशाच्या वड्या द्या. म्हणजे तुझ्याच. तू तो निरोप मला कसा सांगावा या विचारात चहाचा कप हातात घेऊन उभी होतीस. मी म्हटलं, “तू मला एक गोष्ट सांगत नाहीस.”

“कोणती?”

“ते तुलाच माहीत.”

तू हातातला कप ओट्यावर ठेवलास. मग म्हणालीस, “ताई, तुमच्यापासून लपवायला माझ्याकडे आहे काय?” चहा तसाच ठेवून वर गेलीस. त्यानंतर आठ दिवस सकाळच्या चहाला खाली आली नाहीस. मला बोलावता आलं असतं. जिन्याच्या दहा पायऱ्या आहेत. मी रोज दोन कप चहा टाकायची आणि दुसरा मीच प्यायची, आणि मनात म्हणायची, खरं लागलं म्हणूनच रुसली.

नवव्या दिवशी दुपारी भाऊजी तुला धरून खाली घेऊन आले. तुझा चेहरा घामाने ओला होता आणि पदर छातीशी घट्ट धरलेला. छातीत भरून आलंय असं भाऊजी म्हणाले आणि रिक्षा आणायला धावले. तू ओटीवर बसलीस. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. तू म्हणालीस, सकाळीच साबण ओतलाय, वर गॅस बंद आहे का ते बघा. रिक्षा आली. तू बसलीस आणि मग मान बाहेर काढून म्हणालीस, “ताई, पेटी उघडू नका.”

एवढंच. आठ दिवसांनंतर माझ्याशी बोललीस ते हे.

मी वर गेले. गॅस बंद होता. पेटी ओट्याच्या कोपऱ्यात, निळ्या गोधडीखाली. आता मी हे लिहिते ते कोणालाच सांगितलेलं नाही, अनूलाही नाही. मी काय विचार केला तर हा : उघडू नका म्हणते, म्हणजे आत काहीतरी आहे. तू रिक्षात होतीस, छाणीचा नाकाही ओलांडला नसेल, आणि मी गोधडी काढली. फळी उचलली.

मध्ये काळसर गोल होता, काकवीसारखा, ओला. कडा फिकट राहिलेल्या. मी वास घेतला. तेच तेल, तेच सगळं. चिमूटभर काही नव्हतं कुठे. पण मला वाटलं, बिघडला. नलूचाही बिघडला. आणि नलू, मला आनंद झाला. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि त्या डागाकडे बघत बसले, किती वेळ ते माहीत नाही. हवा येत होती खिडकीतून. खाली फोन वाजला तेव्हा मी फळी तशीच टेकवली, गोधडी कशीतरी टाकली आणि धावले. फोन भाऊजींचा होता. त्यांना बोलता येत नव्हतं.

तू गेलीस तेव्हा मी तुझ्या साबणाला आलेल्या डागावर खूश होते. दोन्ही एकाच वेळी झालं की थोडं पुढेमागे, ते मी कोणाला विचारू शकत नाही.

तेरावा झाल्यावर भाऊजी म्हणाले, वहिनी, वरची पेटी तेवढी बघा, तिच्या हातची आहे. मी तारेने वड्या कापल्या. प्रत्येक वडीत मधोमध काळसर गोल, चंद्राला खळं पडतं तसा. आणि वरच्या अंगावर पांढरी पिठी. अगदी माझ्यासारखी. मी त्या ओळीने मांडल्या आणि कितीतरी वेळ कळेचना की या कोणाच्या. तेल तुझं, प्रमाण तुझं, हात तुझा, पेटी तुझी, गोधडी तुझी. त्यात माझी एकच गोष्ट होती. माझं बघणं.

मग हळूहळू कळलं. आत साबण गरम होत मधून कडेकडे पसरत असतो. गोधडी काढली की तो तिथेच थांबतो आणि गोल तसाच राहतो. ओल्या अंगाला वारा लागला की पिठी धरते. नऊ वर्षं मी पांढरं येतंय का ते बघत होते आणि बघत होते म्हणून ते येत होतं. तू कागदावर लिहिलं होतंस. तोंडानेही सांगितलं होतंस. रिक्षातून मान काढून सांगितलंस. याहून किती वेळा सांगायचं असतं माणसाने?

पिठी वाफेवर धरली की विरते, हेही तुझंच; वरून पुसून बरोबरी करायची नव्हती म्हणून माझ्या वड्यांना मी ते कधी केलं नाही. पातेल्यात पाणी उकळून तुझ्या बत्तीस वड्या मी एकेक करून वाफेवर धरल्या. वरून स्वच्छ झाल्या. आतल्या गोलाचं काही करता येत नाही, पण वड्या अंगाला अंग लावून मांडल्या तर तो दुकानात दिसत नाही. वाफेने वरचं अंग मऊ झालं होतं, म्हणून एकेकीवर तुझा कमळाचा ठसा दाबला आणि भाऊजींच्या हाती रसिकभाईंकडे धाडल्या. नलिनीबेन शेवटच्या वेळी पावडर लावून आल्या असं लहरीपुऱ्यात कोणी म्हणायला नको. ठसा द्यायला गेले तर भाऊजींनी तो परत माझ्याकडेच दिला. म्हणाले, आता तुमचाच. इतकी वर्षं मला तो हवा होता. तो असा मिळाला.

पण मन माझं आहे, ते एवढ्याने गप्प बसत नाही. काल म्हणायला लागलं, तिला त्या सकाळपासूनच बरं नसेल, ढवळताना हात थकला असेल, म्हणून बिघडला. माझ्या बघण्याने नाही. म्हणजे अजूनही ती एक चिमूट असू शकते. म्हणून आज हा घाणा. मी ओतलेला, मी झाकलेला, आणि पहिल्यांदाच न बघितलेला. उद्या वर पांढरं निघालं तर तू माझ्यापासून काहीतरी लपवलंस आणि मला तुझ्यावर चिडायला पुढची सगळी वर्षं मिळतील. साफ निघाला तर तू सगळं दिलं होतंस आणि चहा टाकून तुला बोलवायला मी दहा पायऱ्या चढले नाही, एवढंच उरेल.

काय निघावं असं मला वाटतं, ते मला सांगता येत नाही. दोनदा जिन्यापर्यंत जाऊन आले. दुसऱ्या वेळी पायरीवर बसले आणि परत आले. आता मुगाची डाळ निवडते.

—

सकाळ झाली. चहा व्हायच्या आधी वर गेले.

साफ आहे, नलू. कडेपासून कडेपर्यंत एकच रंग. हात फिरवला, कुठे अडला नाही. तारेने एक वडी कापली, आत गोलसुद्धा नाही. माझी वडी.

मला रडू येईल असं वाटलं होतं. पण आधी काय मनात आलं ते लिहिते, कारण आता तुझ्याशी खोटं बोलायचं नाही. मनात आलं, नलूला दाखवावी. खिडकीपाशी नेऊन तिच्या हातात द्यावी आणि ती वडीकडे बघत असताना आपण तिच्या तोंडाकडे बघावं. एकदा तरी तिथे ते दिसावं, जे माझ्या तोंडावर तू अठरा वर्षं बघितलं असशील आणि कधी बोलली नाहीस.

रडू नंतर आलं. ओट्यापाशी उभ्यानेच. मग खाली येऊन दोन कप चहा टाकला आणि एक भाऊजींना दिला.

ठसा घासून पुसून फडक्यात गुंडाळून ठेवला आहे. या वड्यांवर तो मारणार नाही. तुझ्या कमळाखाली माझी चांगली वडी जायला नको. हसू नकोस. मी अशीच आहे. या कोऱ्या जातील. महिनाभर वाळल्या की पिशवीत घालून लहरीपुऱ्याला मी एकटी जाणार आहे. रसिकभाई पिशवी उलटी करतील, वडी उचलून उजेडात धरतील आणि विचारतील, आ कोना छे? या कोणाच्या?

‘मारा छे.’ माझ्या आहेत. दोनच शब्द आहेत. आत्ता स्वयंपाकघरात म्हणून बघितले. पहिल्यांदा आवाज निघाला नाही, दुसऱ्यांदा निघाला.

तू बरोबर असतीस तर माझ्या आधी तूच बोलून टाकलं असतंस.